घाटात दम सोडणारी स्कूटर: बेल्ट, रोलर आणि क्लच घरी बदलताना

मे महिन्यात चाळीसगावहून कन्नडला निघालो होतो. मागे मामा, पायाशी बियाण्याची पिशवी आणि समोर औट्रम घाट. पायथ्यापर्यंत गाडी बरी चालली. चढ लागला तसं इंजिन ओरडायला लागलं, पण काटा पंचविसाच्या पुढे सरकेना. एक्सलेटर पूर्ण पिळला तरी तेच, वरून जळक्या रबराचा वास. मामा मागून म्हणाले, "काय रे भाचा, गाडी पळी नही राहिनी, नुसती बोंबली राहिनी!"

बेल्ट घसरण्याचं निदान याहून नेमकं कुणी करू शकणार नाही. इंजिन ताकद काढतंय, पण ती चाकापर्यंत पोचत नाही. घरी येऊन डावं कव्हर उघडलं तेव्हा बेल्ट झिजून अरुंद झालेला होता आणि सहापैकी चार रोलर एका बाजूने चपटे पडले होते.

ज्यांनी गिअर नसलेल्या स्कूटरचं डावं कव्हर कधीच उघडलेलं नाही आणि आता उघडायची इच्छा आहे, त्यांच्यासाठी हे लिहितोय. घरातल्या तीन स्कूटरचं हे काम मी अंगणातच करतो. काम अवघड नाही. पण त्यात काही जागा अशा आहेत की तिथे घाई केली तर बेल्टच्या किमतीच्या कितीतरी पट खर्च अंगावर येतो. त्या जागा आल्या की थांबून सांगेन.

आधी आत काय चाललंय ते

कव्हरच्या आत दोन पुल्या आणि मधे एक रुंद, दातेरी रबरी बेल्ट असतो. पुढची पुली इंजिनच्या क्रँकवर, म्हणजे फिरणाऱ्या मुख्य दांड्यावर बसते, मागची चाकाच्या बाजूला. प्रत्येक पुली दोन उतरत्या थाळ्यांची असते. थाळ्या जवळ आल्या की बेल्ट वर, कडेकडे चढतो; लांब गेल्या की मध्याकडे उतरतो.

गाडी उभी असताना बेल्ट पुढच्या पुलीत खोल आणि मागच्या पुलीत कडेला असतो. हा आपला पहिला गिअर समजा. इंजिनचे फेरे वाढले की पुढच्या पुलीतले सहा रोलर बाहेर फेकले जातात. ते त्यांच्यामागच्या रॅम्प प्लेटवर, म्हणजे तिरप्या पत्र्यावर चढतात आणि सरकती थाळी दाबतात, त्यामुळे पुढे बेल्ट कडेला चढतो. बेल्टची लांबी तर तेवढीच. मग मागच्या पुलीला उघडावंच लागतं, आणि तिथली मोठी स्प्रिंग त्याला विरोध करते. रोलर ढकलतात, स्प्रिंग अडवते. या ओढाताणीतून दर क्षणी जो तोल साधतो, तोच त्या क्षणीचा गिअर.

मागच्या पुलीत आणखी एक गोष्ट असते, जी कुणी सांगत नाही. तिच्या सरकत्या थाळीला तिरप्या खाचा असतात आणि त्यात पिना. चढावर चाकावर भार आला की थाळी त्या खाचांतून फिरते आणि आणखी घट्ट मिटते, बेल्ट परत कडेला येतो, म्हणजे गाडी आपोआप खालच्या गिअरवर उतरते. या खाचांत वाळलेलं ग्रीस आणि धूळ साचली की घाटात गिअर पडत नाही. नव्या पार्टवर पैसे घालण्याआधी ही जागा साफ करून बघा, कित्येकदा तेवढ्यानेच काम होतं.

मागच्या पुलीच्या बाहेरच्या अंगाला तीन क्लच शू आणि त्यांच्यावर लोखंडी डबा, म्हणजे क्लच बेल. फेरे वाढले की शू बाहेर येऊन डब्याला धरतात आणि चाक फिरायला लागतं.

ही युक्ती नवी नाही. नेदरलँड्सच्या डाफ कंपनीने १९५८ मध्येच बेल्टवर चालणारी मोटार लोकांसमोर आणली होती, आणि आपल्याकडे कायनेटिक होंडाने १९८० च्या दशकात गिअर नसलेली स्कूटर घरोघरी पोचवली. गोल्फच्या मैदानावरच्या पेट्रोल कार्टमध्येही अशाच दोन पुल्या आणि बेल्ट असतो. तिथे मागे शू नसतात. गाडी उभी असताना पुढची पुलीच बेल्ट सैल सोडते आणि फेरे वाढले की पकडते, म्हणजे तिथे पुढची पुलीच क्लचचं काम करते. पण वजन, स्प्रिंग आणि बेल्टचं जे गणित खाली येतंय ते तिथेही तसंच लागू पडतं.

गाडीकडून काय हवंय ते ठरवा

पहिला प्रश्न हा. रावेर-यावलच्या केळीपट्ट्यात सपाट रस्त्याने एकटेच ये-जा करत असाल, तर कंपनीने बसवलेलं वजन आणि स्प्रिंगच सगळ्यात चांगली. तुम्हाला फक्त झिजलेलं बदलायचं आहे. रोज दुधाचे दोन कॅन घेऊन गावाबाहेर पडायचं असेल, सातपुड्याच्या पायथ्याच्या शाळेवर जायचं असेल, किंवा कोंडाईबारी नाहीतर औट्रम घाट वारंवार चढायचा असेल, तर थोडे हलके रोलर उपयोगाचे. हायवेला जास्त वेग हवा म्हणून कुणी या कामाला हात घालत असेल तर त्याने थांबावं. लहान इंजिनला जड रोलर घातले की चढावर दम जातो, आणि सपाटीला वेग फारसा वाढतही नाही.

आणि गाडी वॉरंटीत असेल तर मूळ वजनाचेच पार्ट घाला, ते काम अधिकृत ठिकाणीच करून घ्या.

दोष नक्की कुठे आहे

उघडण्याआधी गाडी चालवून ऐका. इंजिनचा आवाज वाढतो पण वेग मागे राहतो, रबराचा वास येतो: बेल्ट घसरतोय, किंवा त्याला तेल लागलंय. उठताना गाडी थरथरते, पकडते-सोडते: शू किंवा डबा गुळगुळीत, चकचकीत झालाय. उठताना मेलेली, पुढे ठीक: रोलर चपटे, नाहीतर मागची पुली अडकतेय. पिकअप बरा पण वरचा वेग पूर्वीइतका येत नाही: बेल्ट अरुंद झालाय, कारण अरुंद बेल्ट पुढच्या पुलीत पुरेसा कडेला चढत नाही. उभी असताना डाव्या बाजूने टिकटिक आवाज: रोलर किंवा रॅम्प प्लेटचे प्लास्टिकचे स्लायडर झिजलेत. एक्सलेटर न देता गाडी पुढे सरकते: आयडलिंग जास्त आहे, नाहीतर क्लचच्या बारीक स्प्रिंगा ढिल्या पडल्या आहेत.

पण त्याआधी टायरची हवा बघा, मागचा ब्रेक धरून तर राहत नाही ना ते चाक फिरवून बघा, एअर फिल्टर काढून झटका. आमच्या इकडे काळ्या मातीची धूळ पिठासारखी बारीक असते. कोंदलेल्या फिल्टरमुळे दम गेलेली गाडी मी बेल्टच्या कामासाठी आलेली पाहिली आहे.

सामान आणि हत्यारं

बेल्ट, सहा रोलर, तीन स्लायडर आणि कव्हरचं पॅकिंग एवढं तर घ्याच. शू बघून मग ठरवा. जळगाव-धुळ्याच्या स्पेअरच्या दुकानात जाताना गाडीचं नाव सांगून भागत नाही. मॉडेलचं साल आणि शक्यतो जुना बेल्ट सोबत न्या. बेल्टवर छापलेला पार्ट नंबर जुळलाच पाहिजे. एकदा मला "हाच चालतो सगळ्यांना" म्हणून दिलेला बेल्ट लांबीला जरा कमी निघाला. बसला, पण गाडी पहिल्यापासूनच वरच्या गिअरवर असल्यासारखी उठायची. परत काढावा लागला. स्वस्तातल्या बेल्टचा दुसरा त्रास उन्हाळ्यात कळतो. जळगाव-भुसावळला पारा ४५ च्या वर जातो, त्यात कव्हरच्या आतली उष्णता वेगळी. रबर कडक होतं आणि दातांच्या मुळाशी चिरा पडतात. बेल्टच्या बाबतीत कंपनीचाच घ्यावा या मताचा मी आहे. रोलर बाहेरचे चालतात.

हत्यारांत टी पाना, सॉकेट सेट, रुंदी बारीक मोजायचा व्हर्नियर, पुली धरून ठेवायचा होल्डर आणि ठरलेल्या जोरावर नट आवळायचा टॉर्क पाना. शेवटच्या दोन वस्तू गावात कुणाकडे तरी मागून मिळतात. मिळाल्या नाहीत तर त्या दिवशी काम सुरू करू नका. ब्रेक क्लीनरचा डबा, स्वच्छ सुती फडकी आणि तोंडाला मास्क. क्लचची काळी भुकटी फुंकर मारून उडवायची नाही. शूच्या जुन्या लायनिंगमध्ये काय असेल सांगता येत नाही, ती श्वासात जाऊ देऊ नका. ओल्या फडक्याने पुसा.

पेट्रोलने पुल्या धुवायची सवय सगळीकडे आहे. ती सोडा. आगीची भीती तर आहेच, आणि पेट्रोल उडून गेल्यावर पातळ तेलकट थर राहतो, त्यावर नवा बेल्ट घसरतो.

उघडणं

इंजिन पूर्ण गार, चावी खिशात, गाडी सपाट फरशीवर मेन स्टँडला. पुष्कळ स्कूटरमध्ये एअर फिल्टरचा डबा आड येतो, तो आधी सोडवून बाजूला करा. मागच्या ब्रेकच्या केबलची क्लिप आणि किकचा दांडाही.

कव्हरचे बोल्ट सारख्या लांबीचे नसतात. एका पुठ्ठ्यावर कव्हरचा आकार काढा आणि ज्या जागेचा बोल्ट त्या जागी खोचत जा. लांब बोल्ट चुकीच्या भोकात गेला की ॲल्युमिनियमचे आटे जातात. बोल्ट निघाल्यावर कव्हर प्लास्टिकच्या हातोडीने हलकं ठोका. पेचकस घालून उचकटू नका, पॅकिंगच्या कडा खराब होतात. कव्हर सुटताना किकचा छोटा गिअर खाली पडू शकतो, डावा हात खाली धरून ठेवा. कव्हर नेमकं जागी बसवणाऱ्या दोन डॉवेल पिना कव्हरमध्ये राहिल्या की इंजिनवर, ते बघून घ्या.

आता लगेच काही सोडवू नका. मोबाइलने चार-पाच फोटो काढा. पुढच्या नटाबाहेर क्रँकचे किती आटे दिसतात ते जवळून टिपा. हा फोटो शेवटी तुमचा सगळ्यात मोठा आधार होणार आहे.

पुढच्या स्थिर थाळीला बाहेरून पंख्याची पाती असतात. त्या पात्यांत पेचकस अडकवून नट सोडवणारे खूप आहेत, आणि तुटक्या पात्यांच्या पुल्याही तितक्याच आहेत. पातं तुटलं की हवा कमी पडते आणि फिरण्याचा तोलही बिघडतो. होल्डर लावा, नट डावीकडे सोडवा, वॉशर कोणत्या बाजूने होता ते बघा, थाळी काढा. मागे क्लच बेलचा नट सोडवताना एक जण मागचा ब्रेक दाबून धरेल तर होल्डरचीही गरज पडत नाही. बेल काढली की मागची पूर्ण पुली बेल्टसकट हातात येते.

पुढची उरलेली पुली म्हणजे व्हेरिएटर काढताना मागच्या बाजूची रॅम्प प्लेट बोटांनी घट्ट धरून, मधल्या बुशसकट (पुली जिच्यावर सरकते ती नळी) एकदम ओढा. प्लेट सुटली तर रोलर आतल्या आत घसरतात. काढताना याने फारसं बिघडत नाही, बसवताना मात्र फार बिघडतं.

एक इशारा. क्लच बेल काढलेली असताना इंजिन चुकूनही सुरू करू नका. डबा नसेल तर शूंना अडवायला काहीच नसतं.

मोजणं

बेल्टची रुंदी व्हर्नियरने तीन-चार ठिकाणी घ्या. गाडीच्या सर्व्हिस पुस्तिकेत मर्यादा दिलेली असते. साधारण नव्यापेक्षा १ मिमी कमी झाला की त्याचं आयुष्य संपलं असं धरा. रुंदी चांगली असूनही बेल्ट उलटा वाकवल्यावर दातांच्या मुळाशी चिरा दिसल्या, कडेचे दोरे निघालेले दिसले, तर तो गेला. बेल्ट किती किलोमीटरला बदलायचा तेही पुस्तिकेतच बघा. वाळूच्या-धुळीच्या रस्त्याने, डबल सीट चालणारी गाडी तो आकडा गाठत नाही असा माझा अनुभव आहे.

रोलर तळहातावर घेऊन फिरवा. चपटा भाग डोळ्याला दिसण्याआधी बोटाला कळतो. एक जरी चपटा असेल तरी सहाच्या सहा बदला. व्हेरिएटरच्या आत रोलर जिथे चालतो तिथे नख फिरवा. खड्डा लागला तर नवे रोलरही तिथेच अडकणार, मग व्हेरिएटर बदलायची वेळ आली. मधल्या बुशवर ओरखडे नकोत.

शूचं लायनिंग २ मिमीच्या आसपास आलं की तिन्ही शू एकदम बदला. लायनिंग भरपूर आहे पण काचेसारखं चमकतंय, तर पॉलिश पेपरने हलकं खरखरीत करा, डब्याचा आतला भागही. डबा निळसर पडला असेल तर तो फार तापलेला आहे, त्याला तडा नाही ना ते उजेडात धरून बघा.

आतल्या भिंतीवर तेलाचा ओलावा दिसला तर बेल्ट बदलून उपयोग नाही. क्रँकचं किंवा मागच्या गिअर बॉक्सचं ऑइल सील गळतंय. आधी ते.

रोलरचं वजन

हलके रोलर बाहेर फेकले जायला जास्त फेरे लागतात, म्हणून गाडी खालच्या गिअरवर जास्त वेळ राहते. चढावर जोर मिळतो. बदल्यात त्याच वेगाला इंजिन जास्त ओरडतं आणि पेट्रोल थोडं जास्त जातं. जड रोलरचं बरोबर उलटं.

नवशिक्यांची चूक ही की एकदम फार हलके घालतात. समजा मूळ रोलर १२ ग्रॅमचा आहे. ११ चे घातले तर सहा मिळून ६ ग्रॅम कमी झाले, आणि तेवढ्याने फरक स्पष्ट जाणवतो. ९ चे घातले तर गाडी सगळीकडे बोंबलतच राहील. अर्ध्याची गरज असेल तर तीन १२ चे आणि तीन ११ चे, एक आड एक बसवा, म्हणजे तोल राहतो. रोलर विकत घेताना दुकानातल्या सोन्याच्या नाहीतर औषधाच्या बारीक काट्यावर एकेक तोलून घ्या. पाकिटावरचा आकडा आणि खरं वजन यांत फरक निघतो, आणि सहांत मेळ नसेल तर आयडलिंगला थरथर येते.

बहुतेक गाड्यांत रोलर कोरडेच चालतात. तुमच्या पुस्तिकेत ग्रीस लावायला सांगितलं असेल तरच लावा, तेही सांगितलेलंच आणि सांगितलं तेवढंच. जास्तीचं ग्रीस फेकलं जाऊन बेल्टवर येतं.

स्प्रिंगांबद्दल

मागची मोठी स्प्रिंग कडक घातली की बेल्ट घट्ट धरला जातो आणि गाडी गिअर उशिरा सोडते. ऐकायला छान वाटतं. पण बेल्टवर कायमचा ताण वाढतो, तो तापतो, आणि आपल्या उन्हाळ्यात तापलेला बेल्ट लवकर मरतो. मूळ स्प्रिंग नव्याशी लांबी ताडून बघा. बसलेली असेल तर तशीच नवी घाला. क्लचच्या तीन बारीक स्प्रिंगा कडक घालणं तर ओझ्याच्या गाडीला मुळीच करू नये. शू उशिरा, जास्त फेऱ्यांवर धरतात. बाजारातून थांबत-थांबत जाताना दर वेळी घसरतात, आणि महिन्याभरात डबा निळा होतो.

मागची पुली उघडायची म्हणजे ही मोठी स्प्रिंग दाबून ठेवून वरचा पातळ, रुंद नट काढायचा. नट सुटता क्षणी स्प्रिंग सगळा क्लच वर उडवते. दाबायचं हत्यार हाताशी नसेल तर हा एवढा भाग गॅरेजवर करून घ्या; पुली पिशवीत घालून न्या, पंधरा मिनिटांचं काम आहे. तिथे पिना आणि तिरप्या खाचा साफ करून पुस्तिकेतलं ग्रीस बोटभर लावायला आणि रबरी रिंगा बदलायला सांगा. समोर उभं राहून करून घ्या.

बसवणं, आणि इथेच सावकाश

आधी माझं सांगतो. पहिल्यांदा मी बेल्ट बदलला तेव्हा सगळं नीट बसलं असं वाटलं होतं. नट कडक लागला, टॉर्क पाना टक्क वाजला. दुसऱ्या दिवशी पारोळ्याहून एरंडोलकडे येताना डाव्या बाजूने खडखड सुरू झाली आणि गाडी जागेवर थांबली. कव्हर उघडलं तर पुढचा नट ढिला, आणि स्थिर थाळीच्या मधले दात क्रँकच्या दातांसकट खाल्लेले. क्रँक बदलायला इंजिन खाली उतरवावं लागलं.

काय झालं होतं? नवा बेल्ट रुंद आणि ताणलेला असतो. तो मागच्या पुलीत कडेला असेल तर पुढे त्याला सैलपणा उरत नाही. मग पुढची थाळी बुशला टेकण्याऐवजी बेल्टला टेकते. नट आवळला की पाना कडक लागतो, पण तो बेल्टच्या रबरामुळे. इंजिन सुरू झालं की बेल्ट जागा घेतो, आणि नट हवेत राहतो.

म्हणून असं करा. व्हेरिएटर रॅम्प प्लेट धरून क्रँकवर बसवा, बुश पूर्ण आत. बेल्टवरचा बाण फिरण्याच्या दिशेने. बाण नसेल तर अक्षरं बाहेरून सरळ वाचता येतील असा घाला. मागच्या पुलीच्या थाळ्या दोन्ही हातांनी जोर लावून उघडा आणि बेल्ट मध्यापर्यंत खोल उतरवा. जोर लागतो, दुसऱ्याची मदत घ्या. मग पुली जागेवर बसवा, आणि बेल्टच्या वरच्या-खालच्या बाजू मधे एकत्र दाबून धरा म्हणजे तो परत वर येणार नाही. आता पुढे बेल्ट बुशभोवती सैल लोंबत असला पाहिजे.

स्थिर थाळी दातांवर बसवा. बोटाने आत ढकलून बघा, ती हलत असेल आणि दात पूर्ण आत गेलेले दिसत असतील तर ठीक. वॉशर, मग नट हाताने शेवटपर्यंत. आता उघडताना काढलेला फोटो मोबाइलवर बघा. तेवढेच आटे बाहेर दिसतात का? एक जरी कमी असेल तरी थांबा, सगळं परत सैल करा. सारखे असतील तर मगच होल्डर लावून पुस्तिकेतल्या टॉर्कवर आवळा. हवेच्या गनने आवळू नका. आवळून झाल्यावर पुढच्या थाळ्यांमध्ये बेल्ट बोटाने इकडेतिकडे सरकला पाहिजे. चिमटीत पकडल्यासारखा असेल तर तो मधे अडकलाय.

क्लच बेल आणि तिचा नट लावा. मग पुढची पुली हाताने पंधरा-वीस वेळा फिरवा. बेल्ट मागे कडेला चढत जाईल आणि ताणला जाईल. पुल्यांच्या आतल्या बाजूवर बोटाचा ठसाही राहू देऊ नका, ब्रेक क्लीनरने शेवटचं पुसून घ्या. कव्हर लावण्याआधी फरशीवर काही उरलंय का बघा. उरलं असेल तर ते कशाचं आहे हे कळल्याशिवाय कव्हर नको. कव्हरचे बोल्ट समोरासमोरचे, थोडे थोडे करून.

मार्करची रेघ

वजन बरोबर निवडलं की नाही हे कळायला एक साधा उपाय आहे. कव्हर लावण्याआधी पुढच्या स्थिर थाळीच्या आतल्या उतारावर, मध्यापासून कडेपर्यंत मार्करने एक सरळ रेघ ओढा. पहिले २०० किलोमीटर बेल्टला जागा घेऊ द्या: एकदम एक्सलेटर नको, ओझं नको, वास आला तर थांबायचं. त्यानंतर मोकळ्या रस्त्यावर नेहमीच्या कमाल वेगाने एक फेरी मारा, गार झाल्यावर कव्हर उघडा. बेल्ट जिथवर चढला तिथवर शाई पुसलेली असते.

कडेला एक-दोन मिमी शाई उरली असेल तर बेल्ट पूर्ण चढतोय. बोटाच्या रुंदीएवढी उरली तर रोलर जास्त हलके झाले किंवा स्प्रिंग जास्त कडक. एका वेळी एकच बदला, परत रेघ ओढा. दोन गोष्टी एकदम बदलल्या तर कशाने काय झालं ते कळत नाही.

माझ्या गाडीला शेवटी प्रत्येकी एक ग्रॅम हलके रोलर आणि मूळ स्प्रिंगा ठेवल्या. त्याच घाटात, तेच मामा मागे बसवून, जिथे पंचवीस होतं तिथे अडतीस मिळालं. लिटरमागे अंदाजे दोन किलोमीटर कमी झालं. मला हा सौदा मान्य आहे, कारण माझं निम्मं जाणं चढावरचं आहे.

नंतरची काळजी

बेल्टच्या खोलीत गार हवा ओढणारी वाट असते आणि काही गाड्यांत तिला स्पंजचा छोटा फिल्टर असतो. कापूस निघायच्या दिवसांत जिनिंगच्या आसपास हवेत उडणारी रुई या वाटेत बसते. दिवाळीनंतर ते होळीपर्यंत दर महिन्याला तिथे नजर टाका. पावसाळ्यात पुलाखालच्या पाण्यातून गाडी काढली आणि नंतर बेल्ट घसरायला लागला तर इंजिन ओरडवत राहू नका. कव्हरच्या तळाला पाणी सोडायची नळी असेल तर तिचं बूच काढा आणि थोडा वेळ हळू चालवा, बहुतेक वेळा बेल्ट सुकतो. चिखलाचं पाणी आत गेलं असेल तर कव्हर उघडून पुसावंच लागतं.

लाल सिग्नलला किंवा घाटातल्या रांगेत, चढावर उभं राहायचं असेल तर ब्रेकने थांबा. एक्सलेटर जरासा देऊन गाडी जागेवर तोलून धरायची सवय अनेकांना असते. औट्रम घाटात ट्रकांच्या मागे अर्धा-अर्धा तास रांग लागायची, आणि तेवढ्यात शू जळून जायचे.

कव्हरच्या आतल्या बाजूला मी पांढऱ्या पेंट मार्करने तारीख, किलोमीटर आणि रोलरचं वजन लिहून ठेवतो. दर ५००० किलोमीटरला कव्हर उघडून बेल्टची रुंदी त्याखाली टिपतो. तीन टिपणं झाली की तुमच्या रस्त्याला तुमचा बेल्ट कधी संपेल ते तुम्हाला आधीच दिसायला लागतं, आणि नवा बेल्ट घाटात अडकण्याआधी घरात आलेला असतो.